शिंप्याची सही

आजचा विषय कळल्यावर दोघातिघांनी मला आधीच विचारलं, की इतिहासाच्या व्याख्यानात कपडे कशाला? प्रश्न रास्त आहे. तिथूनच सुरुवात करू.

2019 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये क्रिस्तियान दिओर या पॅरिसच्या फॅशनगृहाचं प्रदर्शन भरलं होतं. सुमारे 5 लाख 95 हजार लोकांनी ते पाहिलं. आत प्रकाश अगदी मंद. रेशीम उजेडाने विटतं, म्हणून संग्रहालयं अशा कपड्यांवर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. आणि कपडा एकदा संग्रहालयाच्या मालकीचा झाला, की तो पुन्हा कुणाच्या अंगावर चढत नाही. म्हणजे बघा, जी वस्तू अंगात घालायलाच शिवली, तिचं ते कामच तिथं संपतं. मग उरतं ते काय? कला?

या प्रश्नाची मुळं एकोणिसाव्या शतकात आहेत. चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा इंग्रज माणूस. लंडनच्या कापडदुकानात उमेदवारी करून तो पॅरिसला गेला आणि 1858 च्या सुमारास बोबर्ग नावाच्या भागीदाराबरोबर त्यानं स्वतःचं दुकान काढलं. तोवर रीत काय होती? गिऱ्हाइकानं कापड आणायचं, काय हवं ते सांगायचं आणि शिंप्यानं किंवा शिवणकामवालीनं मुकाट्याने शिवायचं. आपल्याकडे आजही ब्लाउज असाच शिवला जातो. वर्थनं हे उलटं केलं. नमुने तो ठरवणार, त्यातून गिऱ्हाइकानं निवडायचं. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी त्याची गिऱ्हाईक झाली, मग काय विचारता!

पण माझ्या मते त्याची खरी क्रांती एका छोट्या पट्टीत आहे. कपड्याच्या आत, कमरेच्या पट्ट्यावर, तो आपलं नाव घालू लागला. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतो, तशी ही शिंप्याची सही. 1868 मध्ये पॅरिसच्या अशा व्यावसायिकांची संघटना उभी राहिली आणि 1945 मध्ये ‘ओत कुतूर’ या शब्दाला फ्रान्समध्ये कायद्याचं संरक्षण मिळालं. तेव्हापासून ठरलेल्या अटी पाळणाऱ्यालाच हे बिरुद लावता येतं.

सही आली, की संग्रहालयही लांब राहत नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये 1946 साली वेशभूषेचा विभाग सामील झाला. 1983 मध्ये तिथं इव्ह सां लोराँचं प्रदर्शन भरलं आणि वाद पेटला. सां लोराँ तेव्हा 47 वर्षांचा, धंदा जोरात. टीकाकार म्हणाले, हे प्रदर्शन नव्हे, ही जाहिरात. आक्षेप इतका झोंबला असावा, की मेटनं हयात डिझायनरचं पुढचं एकल प्रदर्शन केलं ते थेट 2017 मध्ये, रेई कावाकुबोचं.

पण या वादात एक प्रश्न मागेच राहिला. सही एकाची, हात कुणाचे?

दिओरच्या त्या प्रदर्शनातलं एक दालन मला सर्वांत मोलाचं वाटतं. जमिनीपासून छतापर्यंत फक्त पांढरे कपडे. हे कच्चे नमुने. खरं महागडं कापड कापण्याआधी साध्या सुती कापडावर, आपल्या भाषेत मांजरपाटावर म्हणा, बेत पारखून बघतात. तिथं रंग नाही, जर नाही. दिसतो तो निव्वळ कारागिराचा हात.

आणि हा हात पॅरिसचाच असतो असंही नाही. आरीच्या आकड्यानं ताणलेल्या कापडावर साखळी टाका घालण्याची रीत अठराव्या शतकात पूर्वेकडून युरोपात गेली. आज पॅरिससाठीचं कितीतरी भरतकाम आपल्या मुंबईत होतं. जानेवारी 2022 मध्ये दिओरचा ओत कुतूरचा शो रोदँ संग्रहालयात झाला. भिंतींवर माधवी पारेख आणि मनू पारेख यांची चित्रं होती, पण भरतकामात उतरवलेली. ते काम मुंबईच्या ‘चाणक्य’च्या कारखान्यांतलं. चित्रकारांची नावं जगभर छापून आली, संस्थेचंही आलं. कारागीर मात्र ‘शेकडो कारागीर’ एवढ्यावरच राहिले.

आता तुम्ही म्हणाल, अजिंठ्याच्या चित्रकारांची नावं तरी कुठं ठाऊक आहेत? खरंय. पण तिथं कुणा एकट्याची सही ठळक करून बाकीच्यांची नावं गाळलेली नाहीत. इथं वर्थपासून नेमकं तेच झालं. शिंप्याला नाव मिळालं, ही त्या इतिहासाची कमाई. ते एकालाच मिळालं, ही त्याची उधारी.

म्हणून अशा प्रदर्शनाला जाल, तेव्हा कपडा डोळे भरून जरूर पाहा. मग शेजारची पाटी वाचा. डिझायनर, वर्ष, कापड, देणगीदार हे सगळं तिथं असतं. भरतकाम कुणी केलं, हे लिहिलंय का तेवढं बघा. ज्या दिवशी ती ओळ सहज दिसू लागेल, त्या दिवशी कपडे संग्रहालयात का, हा प्रश्न निम्मा तरी सुटलेला असेल.