नाव घेऊन खंडन करा: वाङ्मयचौर्य आणि बाबासाहेबांची संशोधनरीत

विद्यापीठात वाङ्मयचौर्याचा विषय निघाला की चर्चा टक्क्यांवर येऊन थांबते. सॉफ्टवेअरने किती दाखवले, दहाच्या खाली कसे आणायचे, कुठला शब्द फिरवायचा. आमच्या मते मूळ प्रश्न दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव लावण्याचा आहे. पिढ्यान् पिढ्या राबायचे आपण आणि नाव लागायचे दुसऱ्याचे, हे ज्या समाजाने सोसले, त्या समाजातल्या संशोधकाला ही चोरी वेगळी समजावून सांगावी लागू नये.

मग संदर्भ द्यायचा कसा? त्यासाठी आपल्याकडे बाबासाहेबांचाच धडा आहे.

९ मे १९१६. कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर भारतातील जातींवर निबंध वाचतात. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला जातो. जात म्हणजे काय, हे सांगण्याआधी ते सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या त्यांची नावे घेऊन मांडतात. मग एकेकाची तपासणी करतात. सेनार यांनी विटाळाला दिलेले महत्त्व ते मान्य करत नाहीत. बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणे हा जातीचा परिणाम आहे, नेसफिल्ड यांनी तोच कारण समजला, असे ते दाखवतात. केतकरांच्या मोकळ्या, चिकित्सक दृष्टीची ते प्रशंसा करतात आणि तरीही त्यांच्या व्याख्येत दुरुस्ती सुचवतात: जन्माने सदस्यत्व आणि बाहेर विवाहबंदी ही दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. हे सगळे झाल्यावरच स्वतःचा सिद्धांत येतो, की जातीचा गाभा सजातीय विवाहात आहे.

मित्रांनो, हा क्रम नीट पाहा. आधीच्यांची नावे घेतल्यामुळे बाबासाहेबांचे स्वतःचे काय, हे उठून दिसते. चौघांची नावे गाळली असती, तर त्यांचे नवे योगदान कुठून सुरू होते हे वाचकाला कळलेच नसते. संदर्भ दिला की आपण लहान ठरतो, ही भीती अनेक विद्यार्थ्यांना असते. ती खोटी आहे.

१९४८च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये ते आणखी एक पाऊल पुढे जातात. पुरावा जिथे तुटतो तिथे आपण अनुमानाने दुवा जोडला आहे, हे ते प्रस्तावनेतच कबूल करतात. कुठले उसने, कुठले सिद्ध, कुठले अनुमान, हे वेगळे ठेवणे म्हणजेच प्रामाणिक संशोधन.

विरोधक इथे एक मुद्दा काढतील. ‘जातिनिर्मूलना’त जॉन ड्युई यांचे काही शब्द अवतरणचिन्हांशिवाय आले आहेत. आम्ही हे लपवत नाही. ते १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले भाषण होते आणि त्यातच बाबासाहेबांनी ड्युई हे आपले गुरू असल्याचे व त्यांचे ऋण असल्याचे सांगितले आहे. भाषणाची रीत वेगळी, प्रबंधाची वेगळी. तुम्ही प्रबंध लिहीत आहात, तेव्हा १९१६चा निबंध समोर ठेवा.

आजचा नियम कडक आहे. यूजीसीच्या २०१८च्या विनियमांनुसार प्रबंधात १० ते ४० टक्के साम्य आढळले तर सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० टक्क्यांना एक वर्ष बंदी, ६०च्या वर नोंदणीच रद्द. पण दहाच्या खाली आलात म्हणजे सुटलात असे नाही. इंग्रजी परिच्छेद मराठीत आणून नाव गाळले, तर यंत्राला कदाचित सापडणार नाही, पण ती चोरीच. शब्द बदलून कल्पना उचलली तरीही चोरीच.

म्हणून सवय पहिल्या दिवसापासून लावा. टिपण काढतानाच लेखक, ग्रंथ, वर्ष, पान लिहा. जसेच्या तसे शब्द अवतरणचिन्हांत ठेवा. सारांश लिहिताना पुस्तक मिटवा आणि मग मूळाशी ताडून पाहा. वस्तीतल्या आजीने आठवण सांगितली असेल, तर तिच्या संमतीने तिचेही नाव द्या. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या ग्रंथात चळवळीतल्या स्त्रियांना नावानिशी इतिहासात आणले, ते याच मार्गाने.

आणि एक घरचा आहेर. व्हॉट्सअ‍ॅपवर कुठलेही वाक्य बाबासाहेबांच्या फोटोखाली टाकून पुढे पाठवणे हीही बेइमानीच. चोर दुसऱ्याचे शब्द स्वतःचे म्हणतो, आपण दुसऱ्याचे शब्द बाबासाहेबांचे म्हणतो. महाराष्ट्र शासनाने १९७९पासून त्यांचे लेखन खंडाखंडाने छापले आहे. खंड आणि पान सांगता येत नसेल, तर ते वाक्य पाठवू नका.

जय भीम!