पासंग

अधारतालहून रिछाईच्या कारखान्यांकडे निघालं की रस्त्याकडेला एक धर्मकाँटा लागतो. जमिनीबरोबर बसवलेला लोखंडी पाट, बाजूला एक खोली, खोलीच्या खिडकीत लाल आकडे. ट्रक चढला की आकडे पळतात, थरथरतात आणि इंजिन बंद झालं की जागेवर बसतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ह्याला नुसता काटा म्हणतात. जबलपुरात काट्याला धर्म जोडलेला आहे, आणि आम्ही इथली मराठी माणसंही घरात ‘धर्मकाट्यावर जाऊन ये’ असंच म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी घरावर मजला चढवायचा म्हणून सळई मागवली. भरल्या गाडीची पावती झाली, सळई उतरली, रिकाम्या गाडीची पावती झाली. वजाबाकी बिनचूक. चूक दिसली ती शेजारच्या चहाच्या टपरीवर. भरली गाडी तोलली तेव्हा केबिनमध्ये बसलेला क्लीनर रिकामी गाडी तोलताना बाकावर पाय दुमडून चहा पीत होता. माणूस साठेक किलोचा, सळईचा भाव किलोला साठाच्या आसपास. म्हणजे तो चहा मला साडेतीन हजारांना पडणार होता. ड्रायव्हरला विचारलं तर हसून म्हणाला, “भैया, काँटा तो सही है ना?” आणि काटा खरोखरच बरोबर होता.

त्या क्लीनरसाठी मराठीत जुना शब्द आहे: पासंग. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच एक खाली झुकत असेल, तर हलक्या पारड्यात दुकानदार एक खडा टाकतो आणि तोल सारखा करतो. तो खडा म्हणजे पासंग. शब्द फारसीतून आला आणि त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. दोन पारड्यांतल्या फरकालाही पासंगच म्हणतात, म्हणजे दोष आणि दोषावरचा उतारा दोघांचं नाव एक. एखाद्याची किंमत काढायची तर ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असं आपण म्हणतो, ते ह्याच खड्याच्या जोरावर. खडा उघड्यावर, गिऱ्हाइकासमोर टाकला तर तो इमान. पारड्याच्या बुडाला मेणात चिकटवला तर ते मापात पाप.

शर्यतींत हा खडा प्रथम शिरला तो घोड्यांच्या. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर जॉकी खोगीर घेऊन काट्यावर चढतो, शर्यतीआधी आणि शर्यतीनंतरही. नेमून दिलेल्या वजनाला तो कमी पडत असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालतात. सगळं उघड, कारकुनासमोर.

मोटारीची गोष्ट मात्र उलट्या टोकाने सुरू झाली. गाड्या तोलायचा काटा मुळात जड गाड्या पकडायला जन्मला. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या टोलच्या रस्त्यांवर अख्खी गाडी साखळदंडांनी उचलून, लोंबकळत ठेवून तोलत. त्या शतकाच्या मध्याला बर्मिंगहॅमच्या जॉन वायटने पाटाखाली तरफांची रचना बसवली आणि गाडी नुसती वर चढवली की वजन कळू लागलं. मोटारशर्यतींनी तोच काटा आणि तीच भीती उचलली. 1906 ला ल मांसजवळ पहिली फ्रेंच ग्राँ प्री झाली तेव्हा अट होती 1000 किलोंपेक्षा जड गाडी चालणार नाही; मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) असेल तर वर 7 किलोंची सूट. हेतू असा की इंजिनं राक्षसी होऊ नयेत. कारखानदारांनी इंजिनं राक्षसीच ठेवली आणि सांगाड्याला चाळणीसारखी भोकं पाडली.

1934 ला पुन्हा तोच प्रयोग झाला, ह्या वेळी 750 किलोंचा. त्याची एक दंतकथा मोटारवेड्या माणसाकडून आपण हमखास ऐकतो: नुर्बुर्गरिंगला मर्सिडीजची पांढरी गाडी काट्यावर 751 भरली, मग रातोरात रंग खरवडून काढला, खालचा पत्रा चमकला आणि ‘रुपेरी बाण’ हे नाव पडलं. संघाचे व्यवस्थापक अल्फ्रेड नॉयबाउअर ही गोष्ट रंगवून सांगत. इतिहासकारांनी ती केव्हाच मोडीत काढली आहे, कारण त्या शर्यतीला 750 किलोंची अट लागूच नव्हती. पण गोष्ट टिकली. लबाडी नसलेली चतुराई सगळ्यांनाच आवडते.

1961 ला फॉर्म्युला वनने पारडं फिरवलं. अट आली ती किमान वजनाची, 450 किलोंपेक्षा हलकी गाडी चालणार नाही अशी. कारण रास्त होतं. हलकेपणाच्या हव्यासात गाड्या कागदी होत होत्या आणि माणसं मरत होती. पण ह्या एका ओळीने लबाडीची दिशाही बदलली. आतापर्यंत वजन चोरून काढायचं होतं, ह्यापुढे चोरून घालायचं. म्हणजे पासंग.

1982 चा प्रकार तर आमच्या क्लीनरने शिकवावा असा. किमान वजन 580 किलो. काट्यावर चढण्याआधी तेल, पाणी वगैरे द्रवं पुन्हा भरायला नियमाने परवानगी होती. टर्बो इंजिनांच्या ताकदीपुढे मागे पडणाऱ्या संघांनी गाडीत पाण्याची मोठी टाकी बसवली आणि सांगितलं, ब्रेक थंड करायला आहे. पहिल्या काही फेऱ्यांत पाणी उडून जायचं, गाडी उरलेली शर्यत हलकी धावायची, आणि संपल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ. रिओला ब्राझिलियन ग्राँ प्रीत ब्रॅबहॅमचा नेल्सन पिके पहिला आला, विल्यम्सचा केके रोझबर्ग दुसरा. फेरारी आणि रेनॉने तक्रार केली, दोघेही बाद झाले, जिंकला तिसरा आलेला अलेन प्रॉस्त. ब्रिटिश संघांपैकी बहुतेकांनी रागाने इमोलाच्या शर्यतीवर बहिष्कार टाकला आणि तिथे फक्त 14 गाड्या उभ्या राहिल्या. त्यांत टिरेल होती. बहिष्कार मोडणारी टिरेल.

दोनच वर्षांनी ह्या टिरेलचाच पासंग सापडला, तोही अक्षरशः. सगळे टर्बोकडे गेलेले, केन टिरेलच्या गाड्या तेवढ्या जुन्या कॉसवर्थ इंजिनावर. शर्यत संपत आली की गाडी पिटमध्ये यायची आणि टाकीत पाणी दाबाने भरलं जायचं. त्या पाण्यात शिशाचे छर्रे. भरताना छर्रे उडायचे आणि शेजारच्या संघांच्या पुढ्यात सांडायचे. शेजाऱ्यांनी केरसुणीने गोळा केलेला पुरावा म्हणावा लागेल. 24 जून 1984 ला डेट्रॉइटला मार्टिन ब्रंडल सेकंदापेक्षाही कमी फरकाने दुसरा आला आणि त्या गाडीची तपासणी झाली. निकाल असा की टिरेलला सबंध वर्षाच्या अजिंक्यपदातून काढून टाकलं, गुण शून्य.

इथे जरा थांबायला हवं. पुढच्या वर्षासाठी इंधनाची मर्यादा आणखी कमी व्हायची होती, बाकीच्या संघांना ती नको होती, आणि तो बदल रोखायला एकमत लागत होतं. एकटा टिरेल आडवा होता, कारण त्याचं इंजिन कमी प्यायचं. तो बाद झाला, त्याचं मत गेलं आणि एकमत झालं. छर्रे होते ह्यात शंका नाही. पण शिक्षेच्या पारड्यातही कुणी खडा टाकला होता, असं मला वाटतं.

2005 ला इमोलालाच जेन्सन बटन तिसरा आला. बार होंडाची गाडी काट्यावर ठीक भरली, मग तपासनिसांनी इंधन काढायला लावलं. मुख्य टाकी रिकामी झाल्यावरही आत एक छोटा कप्पा निघाला, त्यात आणखी इंधन. तेही काढल्यावर गाडी 594.6 किलो; हवी होती 600. संघ म्हणाला, इंधन धरून वजन करू नका असं नियमात कुठे लिहिलंय? अपील न्यायालयाने हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध झाल्याचं म्हटलं नाही, पण निष्काळजीपणा आणि पारदर्शकतेचा अभाव म्हणून दोन शर्यतींची बंदी घातली. पूर्ण टाकीवर तोलला जाणारा ट्रक ज्याने पाहिला आहे त्याला हा युक्तिवाद नवा नाही.

आता पासंगाला कायद्याने जागा आहे. तो बहुधा टंगस्टनचा असतो, कारण टंगस्टन शिशाच्या दीडपटीहून जड, थोड्या जागेत मावतो. अट एवढीच की तो अवजाराशिवाय निघता कामा नये. 1995 पासून ड्रायव्हरही गाडीबरोबर तोलला जातो. 2019 पासून ड्रायव्हर आणि सीट मिळून एक किमान वजन धरतात (2024 पर्यंत ते 80 किलो होतं), कमी पडलं तर पासंग सीटपाशीच. उंच पोरांनी उपाशी राहू नये म्हणून. एक पळवाट मात्र उघडी राहिली. शर्यत संपल्यावर ड्रायव्हर मुद्दाम कडेने गाडी नेत, म्हणजे रस्त्यावर पडलेले रबराचे तुकडे तापल्या टायरांना चिकटत आणि किलो-दोन किलो वाढत. बेल्जियमच्या स्पाला मात्र निशाण पडल्यावर गाड्या पूर्ण फेरी न मारता तिथूनच परत फिरतात. 28 जुलै 2024 ला जॉर्ज रसेल तिथे पहिला आला, गाडी भरली 796.5 किलो, हवी होती 798. दीड किलोसाठी विजय गेला आणि तो त्याच्याच संघातल्या लुईस हॅमिल्टनला मिळाला. मर्सिडीजने वाद न घालता चूक कबूल केली. 751 किलोंची दंतकथा सांगणाऱ्यांच्या घरी 90 वर्षांनी ही खरी कथा घडली.

आपल्याकडे हे सगळं जवळून पाहायचं असेल तर कोल्हापूरला जावं. तिथल्या मोहिते ट्रॅकवर गो-कार्टच्या शर्यती होतात. कार्टिंगमध्ये गाडी आणि पोरगं एकत्र तोलतात; बारक्या पोराच्या सीटला शिशाचे ठोकळे नटबोल्टने आवळलेले असतात आणि बापासकट सगळ्यांना ते दिसतात. त्याच जिल्ह्यात हंगाम सुरू झाला की ऊसवाल्यांच्या तोंडी ‘काटामारी’, म्हणजे कारखान्याच्या काट्यावर वजन कमी दाखवणं, हा शब्द येतो. शेतकरी संघटनांची मागणी जुनी आहे: बाहेरच्या काट्यावरचं वजन कारखान्याने मानावं. एकाच जिल्ह्यात दहा वर्षांच्या पोराचं वजन सगळ्यांसमोर होतं आणि बैलगाडीभर उसाचं फक्त कारखान्याच्याच काट्यावर, हे मला पटत नाही.

सळईचं पुढे काय झालं? मी क्लीनरला चहा संपवून केबिनमध्ये बसायला लावलं आणि रिकामी गाडी पुन्हा तोलून घेतली. दुसऱ्या तोलाचे पैसे मीच दिले. काट्यावरच्या माणसाने मान खिडकीबाहेर काढून ड्रायव्हरला एवढंच विचारलं, “काए बड्डे, पकड़ा गए?”

तुम्हीही कधी माल तोलायला गेलात तर लाल आकड्यांकडे नंतर बघा. आधी केबिनमधली डोकी मोजा, भरल्या गाडीत आणि रिकाम्या गाडीतही.