पदवीची वर्षे कोणाची वाचतात? मिरज, सातारा आणि एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१/ नोव्हेंबर २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या कालावधीविषयी एक महत्त्वाचा निर्णय जाहीर केला. तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत, तर चार वर्षांची पदवी आठऐवजी सहा किंवा सात सत्रांत पूर्ण करण्याचा मार्ग त्याने खुला झाला. कल्पना नवी वाटते. परंतु शिक्षणाचा काळ कमी करावा काय, केल्यास कोणासाठी, आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न कृष्णाकाठी शंभर वर्षांहून जुने आहेत. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील त्या इतिहासाचा हा मागोवा.

२/ प्रथम भूगोल. आजचा सांगली जिल्हा १९४९ पूर्वी अस्तित्वात नव्हता. त्याचा काही भाग ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात, तर उरलेला सांगली, मिरज, जत यांसारख्या संस्थानांत मोडत असे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या दोन जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास एकत्र वाचणेच योग्य ठरते.

३/ विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी मिळवायची तर मॅट्रिकनंतर चार वर्षे लागत. प्रीव्हियस, इंटर, ज्युनिअर बी.ए. आणि सीनिअर बी.ए. असे ते चार टप्पे होते. कराड, वाळवे किंवा तासगावच्या मुलाला त्यासाठी पुणे किंवा कोल्हापूर गाठावे लागे. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगली-मिरजेच्या दरम्यान विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले, तेव्हा प्रवासाचे अंतर घटले. वर्षे मात्र तेवढीच राहिली. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने चार वर्षांची पदवी म्हणजे चार वर्षांचे शुल्क आणि त्यासोबत एका कामकरी माणसाची चार वर्षांची अनुपस्थिती.

४/ वर्षे कमी करून मनुष्यबळ घडवण्याचा एक लक्षणीय प्रयोग याच परिसरात, मिरजेत झाला. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले मिशनरी डॉक्टर १८८९ मध्ये भारतात आले. १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उभारले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळा सुरू केली. रुग्णालयात रुग्णांची रीघ लागलेली आणि हाताशी प्रशिक्षित माणसे मोजकी, ही त्यामागची अडचण होती. विद्यापीठाच्या पदवीधरांची वाट पाहत बसण्यापेक्षा रुग्णशय्येजवळच माणसे घडवावीत, हा त्यावरचा उपाय होता.

५/ त्या काळी देशात वैद्यकीय शिक्षणाचे दोन स्तर होते. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये पदवी देत, तर वैद्यकीय शाळा ‘लायसन्शिएट’ म्हणजे परवानाधारक डॉक्टर तयार करीत. ‘एल.एम.पी. डॉक्टर’ हा शब्द गावोगावच्या जुन्या पिढीच्या तोंडी होता, तो यामुळेच. परवान्याचा अभ्यासक्रम साधारणतः मॅट्रिकनंतर चार वर्षांचा असे. एम.बी.बी.एस. करणाऱ्याला आधी इंटर सायन्सची दोन वर्षे आणि नंतर पाच वर्षे द्यावी लागत. हिशेब सरळ होता : चार वर्षे विरुद्ध सात.

६/ लाभ कोणता? वाचलेल्या तीन वर्षांमुळे मध्यम व गरीब घरांतील मुलांना वैद्यकीय व्यवसायात शिरता आले. १९४६ मध्ये भोर समितीने अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते. त्यांपैकी जवळजवळ ३०,००० लायसन्शिएट होते. म्हणजे ब्रिटिश भारताच्या आधुनिक वैद्यकसेवेचा मोठा भार पदवीधरांनी नव्हे, तर अल्पकालीन शिक्षण घेतलेल्यांनी वाहिला.

७/ आणि किंमत कोणती? प्रतिष्ठेची. १९३३ च्या कायद्याने भारतीय वैद्यकीय परिषद स्थापन झाली, परंतु तिच्या कक्षेतून लायसन्शिएटना वगळण्यात आले. परिषदेला मान्य असलेला दर्जा केवळ विद्यापीठीय पदवीचा होता. लायसन्शिएटांच्या अखिल भारतीय संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला. तोच ताप, तीच प्रसूती, तीच जखम हाताळणारे दोन डॉक्टर कागदावर मात्र दोन वेगळ्या जातींचे ठरले होते. काळ कमी करताना अभ्यासक्रमही कमी केला की प्रमाणपत्राचे मोल घटते, हा या प्रकरणाचा पहिला धडा.

८/ भोर समितीने यावर निर्णायक शिफारस केली : देशात एकाच प्रकारचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा आणि लायसन्शिएट अभ्यासक्रम बंद करावा. या मुद्द्यावर समितीत एकमत नव्हते. सहा सदस्यांनी असहमती नोंदवली. डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना अल्पकालीन अभ्यासक्रम थांबवणे परवडणार नाही, असा त्यांचा आक्षेप होता. अखेरीस बहुमताचा मार्ग स्वीकारला गेला. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ मध्येच महाविद्यालयात रूपांतर झाले. अनेक लायसन्शिएटांना पदवीधर होता यावे म्हणून ‘कंडेन्स्ड’ म्हणजे संक्षिप्त एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमही चालवले गेले. ज्यांनी एकदा वेळ वाचवला होता, त्यांना तो उत्तरायुष्यात पुन्हा मोजावा लागला.

९/ मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले आणि तिथे पदवीचे शिक्षण मिळू लागले. दर्जाचा प्रश्न त्या अर्थाने सुटला. गावात डॉक्टर कोण जाणार, हा प्रश्न मात्र सुटला नाही. म्हणूनच २००१ मध्ये छत्तीसगडने तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला आणि २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यातही मर्यादित अधिकारांच्या ‘सामुदायिक आरोग्य सेवका’ची तरतूद झाली. दोन्ही वेळी वाद पेटला, आणि त्यातील युक्तिवाद १९४६ च्या असहमतीची आठवण करून देणारे होते.

१०/ येथे एक भेद लक्षात घ्यावा. वर्षे दोन प्रकारे वाचवता येतात. एक, अभ्यासक्रमच छोटा करून. लायसन्शिएटांचा मार्ग हा होता. दोन, अभ्यासक्रम तेवढाच ठेवून तो दाटीने शिकवून. दुसऱ्या प्रकाराचे मोठे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे आहे. सैन्याला डॉक्टर हवे होते, म्हणून तेथील वैद्यकीय महाविद्यालयांनी सुट्ट्या रद्द केल्या आणि चार शैक्षणिक वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत बसवला. दर्जा कागदोपत्री तोच राहिला. परंतु विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही थकले. शिवाय उन्हाळी सुट्टीत काम करून शुल्क जमवणाऱ्या विद्यार्थ्यांचा तो आधारच गेला. युद्ध संपताच बहुतेक संस्था जुन्या वेळापत्रकाकडे परतल्या.

११/ सुट्टी म्हणजे रिकामा वेळ नव्हे, तर गरीब विद्यार्थ्याच्या कमाईचा वेळ. ही गोष्ट साताऱ्याला वेगळी सांगण्याची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये तिचे केंद्र साताऱ्यास आणले. तेथील छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि वसतिगृहाची कामे स्वतः करीत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे संस्थेचे बोधवाक्य त्याच दिनक्रमातून अर्थपूर्ण झाले.

१२/ १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व थेट विद्यापीठीय पदवीपर्यंत पोहोचले. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने श्रम द्यावेत आणि शिकावे, अशी ही व्यवस्था होती. शेतात, बांधकामावर, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात विद्यार्थी राबत आणि त्यानंतर वर्गात बसत. शाहू बोर्डिंगमधूनच घडलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे याच महाविद्यालयाचे प्राचार्य आणि नंतर शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१३/ कर्मवीरांच्या योजनेचा अर्थ काळाच्या भाषेत मांडला तर तो असा होतो : शुल्काची जागा तासांनी घेतली. श्रीमंत विद्यार्थी पैसे देऊन आपले सर्व तास अभ्यासाला ठेवू शकत होता. रयतेचा विद्यार्थी दिवसाचे काही तास देऊन उरलेल्या तासांत शिकत होता. पदवीची चार वर्षे दोघांनाही सारखीच. त्या चार वर्षांत अभ्यासासाठी उरणारा वेळ मात्र सारखा नव्हता. जलद पदवीचा विचार करताना हा फरक नजरेआड करता येत नाही.

१४/ आता २०२४ चा निर्णय तपासू. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात, म्हणजे सहा सत्रांत प्रत्येकी २०. पहिल्या सत्रानंतर जलद मार्ग निवडल्यास उरलेले १०० श्रेयांक चार सत्रांत, म्हणजे प्रत्येक सत्रात २५ मिळवावे लागतात. तासिकेच्या विषयात एक श्रेयांक म्हणजे १५ तास. पाच जादा श्रेयांक म्हणजे सत्राला ७५ तास, आणि सत्र १५ आठवड्यांचे धरले तर आठवड्याला पाच तास अधिक. त्यात घरचा अभ्यास वेगळा. दुसऱ्या सत्रानंतर निवड केली तर उरलेले ८० श्रेयांक तीनच सत्रांत बसवावे लागतात आणि भार आणखी वाढतो.

१५/ या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. लायसन्शिएटांप्रमाणे येथे अभ्यास कापलेला नाही. श्रेयांक तेवढेच आहेत, आणि नोकरी व पुढील शिक्षणासाठी ही पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची मानली जाणार आहे. कमी कालावधीची नोंद मात्र गुणपत्रकावर राहते. ज्या मुलीच्या घरी पदवीआधीच लग्नाची घाई चालू असते, तिला सहा महिने आधी हाती आलेली पदवी मोठे बळ देऊ शकते. शहरात खोली घेऊन राहणाऱ्याचे एका सत्राचे भाडे आणि खानावळीचा खर्च वाचतो. ब्रिटनमधील बकिंगहॅम विद्यापीठ कित्येक वर्षांपासून दोन वर्षांत पदवी देते आहे. म्हणजे जलद पदवी टिकू शकते, हेही सिद्ध आहे.

१६/ अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. आठवड्याचे हे पाच जादा तास कोणाकडे आहेत? म्हसवड किंवा जत परिसरातील गावातून एस.टी.ने रोज ये-जा करणाऱ्या, सकाळी गोठ्याचे आणि संध्याकाळी दुकानाचे काम पाहणाऱ्या विद्यार्थ्याकडे ते नसतात. विद्यार्थ्याची पात्रता समिती ठरवणार आणि जलद मार्गासाठी मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंतच जागा असणार. पहिल्या एक-दोन सत्रांतील कामगिरीवर निवड झाली, तर ज्याला अभ्यासाला आधीच अधिक वेळ मिळाला तोच पुढे जाणार. वेळ वाचवण्याची संधी मुख्यतः वेळ असणाऱ्यांनाच मिळेल, असा हा पेच आहे. शिवाय महाविद्यालयाला जादा तासिका, वेगळे वेळापत्रक आणि त्यासाठी पुरेसे प्राध्यापक लागतात. लहान गावांतील महाविद्यालयांना हेच सर्वांत कठीण जाते.

१७/ त्याच निर्णयाची दुसरी बाजू मात्र फारशी चर्चिली गेली नाही. जलद पदवीबरोबरच ‘विस्तारित पदवी’चीही तरतूद आहे. सत्राला कमी श्रेयांक घेऊन, दोन सत्रांपर्यंत अधिक काळ लावून पदवी पूर्ण करता येते, आणि या मार्गाला १० टक्क्यांची मर्यादाही नाही. ‘कमवा आणि शिका’च्या परंपरेशी खरे नाते याच तरतुदीचे आहे. काम करणाऱ्या विद्यार्थ्याला नापास न ठरवता त्याच्या गतीने शिकू देणे, हे कर्मवीरांच्या साताऱ्याला परके वाटले नसते.

१८/ २०२१ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालयासह रयतेच्या साताऱ्यातील तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. ज्या आवारात एकेकाळी श्रमाच्या तासांवर पदव्या मिळवल्या गेल्या, तिथेच आता पदवीच्या कालावधीचे निर्णय घेण्याचा अधिकार आला आहे. मिरजेचा इतिहास सांगतो की वर्षे वाचवताना प्रमाणपत्राचा दर्जा घसरू देऊ नये. साताऱ्याचा इतिहास सांगतो की कालावधी ठरवताना विद्यार्थ्याच्या दिवसातील रिकामे तास आधी मोजावेत. पाच सत्रांचा मार्ग कितीजणांनी घेतला याची आकडेवारी यथावकाश निघेलच. आठ सत्रांचा मार्ग किती सन्मानाने उपलब्ध झाला, हेही त्याच तक्त्यात नोंदवले गेले पाहिजे.

१९/ शेवटी एक विनंती. सातारा-सांगलीतील अनेक घरांत एल.एम.पी. डॉक्टरांच्या आणि ‘कमवा आणि शिका’तून शिकलेल्या आजोबांच्या आठवणी अद्याप जिवंत आहेत. त्या वेळेत लिहून ठेवल्या, तर या इतिहासाचे पुढचे प्रकरण अधिक भक्कम पुराव्यांवर उभे राहील.