बेनेटिंट

बेनेटिंट हे गाल व ओठ यांना गुलाबी छटा देणारे द्रवरूप सौंदर्यप्रसाधन आहे. बेनिफिट कॉस्मेटिक्स ही अमेरिकन कंपनी त्याचे उत्पादन करते. द्रवरूप गालरंगांपैकी हा सर्वाधिक परिचित प्रकारांपैकी एक मानला जातो.

इतिहास

जीन फोर्ड व जेन फोर्ड या जुळ्या बहिणींनी १९७६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘द फेस प्लेस’ नावाचे प्रसाधनांचे दुकान सुरू केले. कंपनी सांगत असलेल्या हकिकतीनुसार, १९७७ मध्ये एका नर्तकीने स्तनाग्रांना लावण्यासाठी, नाचताना पुसला न जाणारा रंग मागितला. बहिणींनी घरच्या स्वयंपाकघरात गुलाबपाकळ्या उकळून व त्यात कार्माइन मिसळून तो तयार केला. प्रारंभी त्याचे नाव ‘रोज टिंट’ होते. पुढे गाल व ओठ यांसाठी त्याचा वापर रूढ झाला. १९९० मध्ये दुकानाचे नाव बदलून बेनिफिट असे झाले आणि १९९९ मध्ये एलव्हीएमएच या फ्रेंच समूहाने कंपनी ताब्यात घेतली. पोझीटिंट व चाचाटिंट या त्याच मालिकेतील अन्य छटा होत.

स्वरूप व वापर

हा द्रव पातळ व पारदर्शक असतो. बाटलीच्या झाकणालाच नखरंगाच्या बाटलीप्रमाणे लहान कुंचला असतो. भुकटीरूप लालीचे कण त्वचेवर थर करून बसतात. द्रवरूप रंग मात्र त्वचेच्या वरच्या पापुद्र्याला डागाळतो. त्यामुळे त्वचेचा मूळ वर्ण व पोत झाकला जात नाही आणि लाली नैसर्गिक वाटते.

रंग काही क्षणांतच वाळतो. म्हणून एका गालावर दोन-तीन ठिपके देऊन ते लगेच बोटांनी पसरवतात व त्यानंतरच दुसरा गाल रंगवतात. विलंब झाल्यास ठिपक्यांच्या कडा उमटून राहतात. कोरड्या, सोललेल्या त्वचेवर रंग अधिक शोषला जाऊन चट्टे दिसतात. त्यामुळे आधी त्वचा मऊ करणारे मलम लावून ते मुरू दिले जाते. पावडर लावायची असल्यास ती रंगानंतर लावतात. सावळ्या वा गडद वर्णावर एक थर क्वचितच दिसतो. तेथे अनेक थर किंवा अधिक गडद छटा आवश्यक ठरते.

रंगद्रव्य

कार्माइन हे कोचिनियल (डॅक्टिलोपियस कॉकस) या निवडुंगावर जगणाऱ्या कीटकाच्या मादीपासून मिळते. वाळवलेल्या कीटकांतील कार्मिनिक आम्लाचा ॲल्युमिनियमच्या क्षाराशी संयोग करून ते बनवतात. एक पौंड वाळलेल्या कीटकांसाठी सुमारे ७०,००० कीटक लागतात. पेरू हा त्याचा प्रमुख उत्पादक देश आहे. मराठीतील ‘किरमिजी’ व ‘कार्माइन’ या दोन्ही शब्दांचे मूळ रंग देणाऱ्या कीटकाचे नाव असलेल्या ‘किर्मिज’ या शब्दात आहे.

कीटकजन्य असल्याने कार्माइन शाकाहारी व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या ग्राहकांना अग्राह्य ठरते. क्वचित त्यामुळे तीव्र ॲलर्जीही उद्भवते. या कारणास्तव अमेरिकेत ५ जानेवारी २०११ पासून खाद्यपदार्थ व सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर कार्माइनचा नावानिशी उल्लेख बंधनकारक आहे. घटकसूचीत ते ‘सीआय ७५४७०’ या क्रमांकानेही ओळखता येते.

हेही पहा

लाली
कोचिनियल
लिपस्टिक