पाव
पाव : आंबवलेल्या मैद्याचा, भट्टीत भाजलेला खाद्यपदार्थ. मराठी व कोकणीत हा शब्द पोर्तुगीज ‘पाँव’वरून आला, त्याचे मूळ लॅटिन ‘पानिस’. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. पोर्तुगीजांची सत्ता गेली, त्यांनी आणलेला पाव राहिला. गोव्यातले पोदेर (पोर्तुगीज ‘पादेइरू’) पूर्वी माडीने पीठ फुगवत. चतुर्थांश या अर्थाचा ‘पाव’ संस्कृत ‘पाद’पासूनचा, निराळा. पायांनी पीठ तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती तर निव्वळ गावगप्प. फ्रेंच ‘पँ’, स्पॅनिश ‘पान’ ही खाण्याच्या ‘पाव’ची भावंडे. जपानी ‘पान’ही पोर्तुगीजांनीच पोचवला. इंग्रजी ‘ब्रेड’ मात्र जर्मानिक कुळातला. वसई-विरारकडे ब्रेड म्हणजे कापलेल्या चौकोनी चकत्या. एकमेकांना चिकटलेले पाव म्हणजे लादी.