'भरधाव' म्हणजे किती?

अपघाताच्या बातमीत 'भरधाव' हा शब्द मीही वीस वर्षं डोळे झाकून लिहीत आलोय. काल तालुका कोर्टाबाहेर एक टेम्पोवाला वकिलाला म्हणाला, "साहेब, कबूल करून टाका, तारखा नकोत." म्हणून हे लिहितोय.

बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २७९ हे १८६० च्या दंड संहितेतलं, म्हणजे बैलगाडी-टांग्याच्या काळातलं. मोटारी नंतर आल्या, कलम तेच राहिलं.

कर्नाटकात एक ट्रक उलटून १५ माणसं गेली. बेदरकारपणाच्या आरोपात खालच्या कोर्टानं चालकाला शिक्षा दिली, हायकोर्टानं सोडलं. १९९८ साली सुप्रीम कोर्टानं ती सुटका कायम ठेवली. साक्षीदार म्हणाले, 'गाडी जोरात होती'. जोरात म्हणजे किती, ते कुणीच सांगितलं नाही. नुसता वेग म्हणजे बेदरकारपणा नव्हे. तो सरकार पक्षानं सिद्ध करायचा असतो.

१ जुलै २०२४ पासून २७९ चं २८१ झालं. सहा महिन्यांपर्यंतची कैद तशीच आहे. चूक असेल तर जरूर कबूल करा. पण फक्त हेलपाटे वाचवायला नको.

आणि यापुढे 'भरधाव' लिहिण्याआधी मीही विचारीन, किती?