भाजलेल्या हाताच्या कार्यक्षमतेचे मूल्यमापन : पेण-रोह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

रायगड जिल्ह्यातील पेण गणेशमूर्तींसाठी, तर रोह्यालगतचे धाटाव रासायनिक उद्योगांसाठी प्रसिद्ध आहे. दोन्हीकडील श्रमिकांची उपजीविका हातावर अवलंबून असल्याने भाजलेल्या हाताचे पुनर्वसन हा येथे निव्वळ वैद्यकीय प्रश्न उरत नाही.

जखम भरली तरी हात बरा झाला असे होत नाही. व्रण आकसल्याने बोटे आखडतात व पकड क्षीण होते. म्हणूनच सांध्यांची हालचाल अंशांत आणि पकडीची ताकद यंत्राने मोजली जाते. १९६९ मध्ये जेबसन व सहकाऱ्यांनी लेखन, पत्ते उलटणे, लहान वस्तू उचलणे, चमच्याने भरविण्याची नक्कल, सोंगट्या रचणे, हलके व जड डबे उचलणे अशा सात कृतींची कालबद्ध चाचणी मांडली.

तथापि, या कृती पाश्चात्त्य जीवनक्रमातून आलेल्या आहेत. हाताने घास घेणे, भाकरी थापणे किंवा मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणे त्यांत मोजले जात नाही. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया (१९२२-२००७) यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढे १९७० च्या दशकात तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील मांडवा परिसरात गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. आरोग्यसेवा लोकजीवनातून उभी राहावी, ही त्यामागील दृष्टी होती.

हीच दृष्टी मूल्यमापनाला लावल्यास प्रमाणित चाचणीला स्थानिक कृतींची जोड देणे अगत्याचे ठरते. अन्यथा कागदावर बरा ठरलेला हात कामावर मात्र निरुपयोगी ठरू शकतो.